सावली पाडू नये

"जरा बाजूला व्हाल का? फोटोत तुमची सावली येतेय."

शनिवारची सकाळ होती. मी आमच्याच गच्चीत आमच्याच मोगऱ्याला पाणी घालत होते. डोक्याला तेल चोपडून वर पंचा गुंडाळलेला, अंगात बाबांचा खांद्यावर विरलेला सदरा. अशा अवतारात कुठल्याही तरुण माणसानं मला बघू नये, एवढी माझी माफक अपेक्षा असते. आणि हा तरुण माणूस पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढून मोबाइलमधून माझ्याचकडे बघत होता.

"माझ्या गच्चीत माझी नाही तर कोणाची सावली येणार?" मी म्हटलं.

"तेही खरंच," तो म्हणाला. "पण मला फक्त गच्चीचा फोटो हवाय. पंचाचा नको."

मी पंचा काढायला हात वर नेला, आत काय आहे ते आठवलं आणि हात खाली घेतला.

"आणि आपण कोण?"

"पृथ्वीराज. सरांनी बोलावलंय... सोलरची जागा बघायला. बाहेरच्या जिन्यानं आलो." तो उडी मारून खाली उतरला, हात झटकले आणि हसला. त्याचा समोरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता. आता हे मला दिसलं, म्हणजे मी निरखून बघत होते, हे उघड आहे. नाकारण्यात अर्थ नाही.

"मी कादंबरी. सरांची मुलगी," मी म्हटलं आणि जिन्यानं खाली पळाले.

सर म्हणजे माझे बाबा, यज्ञेश्वर देवस्थळी. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जन्मभर फळ्यावर सूर्य काढून झाल्यावर आता खरा सूर्य कामाला लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. बिबवेवाडीतल्या आमच्या छोट्याशा बंगल्याची गच्ची सोलर पॅनेलसाठी उत्तम आहे, हे त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. पृथ्वीराज फक्त होकार द्यायला आला होता.

चहा घेताना बाबांनी उलटतपासणी सुरू केली.

"मांजरी गावचे ना तुम्ही? म्हणजे घरी ऊस असणार."

"हाय की—" तो थबकला. "आहे, सर."

तो 'हाय' मला फार आवडला. नंतरची दुरुस्ती नाही आवडली.

"मग शेती सोडून हे पत्रे का बसवताय?"

पृथ्वीराजनं कप खाली ठेवला. "आमच्याकडे पंपाला वीज रात्रीची यायची, सर. वडील बॅटरी घेऊन अंधारात उसाला पाणी द्यायला जायचे. दिवसभर एवढं ऊन तापायचं आणि पंप चालायचा रात्री. लहानपणी मला हे कळायचंच नाही. मग इंजिनिअर झालो, खराडीत नोकरी केली, तरी कळेना. शेवटी नोकरी सोडली." तो जरा लाजला. "हे माझ्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम आहे."

"अस्सं. म्हणजे आम्ही प्रयोगातले उंदीर," बाबा म्हणाले. पण त्यांनी त्याला आणखी एक बिस्किट दिलं, म्हणजे काम मिळालं होतं.

त्यावर बाबांनी एक अट घातली. शेजारचे गोपाळकृष्णकाका, समोरच्या हेमाकाकू आणि कोपऱ्यावरचे दुकानदार उत्तरेश्वर, या तिघांनाही सोलर बसवायचं होतं आणि तिघंही बाबांच्या शब्दावर थांबले होते. "महिनाभर चालवून बघतो. रविवारी सगळ्यांना चहाला बोलावतो आणि जे असेल ते सांगतो. चांगलं तर चांगलं. भंगार तर भंगार." बाबांनी भंगार म्हटलं, की आमच्या गल्लीत ती वस्तू पुन्हा कोणी घेत नाही. पृथ्वीराजला हे माहीत नव्हतं, पण तो ताठ बसला. काहीतरी त्याला कळलं असावं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आणि माझी वाळवणं कुठे घालायची?"

"श्यामला, हल्ली सगळं विकत मिळतं," बाबा म्हणाले आणि विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं. पृथ्वीराजनं मात्र वळून आईकडे पाहिलं होतं.

काम झालं. निळसर काळी पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली. कललेली, खालची कड आईच्या कमरेएवढी. बाबांनी त्याच संध्याकाळी गच्चीच्या दारावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'गच्चीत विनाकारण सावली पाडू नये.'

"आणि सकारण?" पृथ्वीराजनं मला हळूच विचारलं.

"सकारण असेल तर बाबांकडे लेखी अर्ज करावा लागतो."

पहिल्या शनिवारी तो पॅनेलं कशी धुवायची ते दाखवायला आला. सकाळी लवकर धुवायची, काच तापल्यावर गार पाणी मारायचं नाही, असं सगळं त्यानं बाबांना नीट समजावलं. बाबा पेपर वाचायला खाली गेले आणि पाइप माझ्या हातात आला. मी नळ सोडला, पाइप जिवंत असल्यासारखा उसळला आणि पहिली धार थेट त्याच्या छातीवर गेली.

"काच तिकडं आहे, कादंबरी!"

आतापर्यंतच्या 'मॅडम'ची कादंबरी झाली होती. माझ्या लक्षात आलं, त्याच्याही आलं. तो ओल्या शर्टात तसाच उभा राहिला, केसांतून पाणी निथळत होतं आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर ओल्या धुळीचा वास दरवळत होता. मी पाइप काचेकडे वळवला.

"सॉरी," मी म्हटलं.

"नको, राहू दे..." तो म्हणाला. "बरं वाटलं."

त्यानं माझ्या आणि बाबांच्या मोबाइलवर अॅप घालून दिलं. आमच्या छतावर किती वीज तयार होतेय याचा आलेख त्यात दिसायचा. सकाळी हळूच उठायचा, दुपारी डोंगरासारखा वर जायचा आणि संध्याकाळी उतरायचा. खालच्या दुसऱ्या रेषेत घरात किती वीज लागतेय तेही दिसायचं. उन्हातच वीज वापरायची, म्हणजे बाहेरून कमी घ्यावी लागते, हे बाबांनी घरात सक्तीचं केलं. पहाटे मिक्सर लावणारी माझी आई आता उन्हं वर येण्याची वाट बघायची. "चटणीलासुद्धा मुहूर्त लागतो आता," ती म्हणायची.

तोच आलेख पृथ्वीराजच्या मोबाइलवरही दिसायचा. मी खराडीच्या ऑफिसात कंटाळवाण्या मीटिंगमध्ये बसलेली असायची आणि मेसेज यायचा.

"दुपारी एकदम उडी मारली. मशीन?"

"इस्त्री. बाबा माझा निळा कुर्ता इस्त्री करतायत."

"शनिवारी घालणार?"

"शनिवारी काय आहे?"

मीटिंगमधल्या दोन स्लाइड गेल्या. मग — "पॅनेल चेक करायला येतोय."

"पॅनेल चेक करायला निळा कुर्ता कशाला लागतो?"

"पॅनेल निळी आहेत. मॅचिंग."

मी मीटिंगमध्ये हसले आणि मॅनेजरला वाटलं त्यांच्या विनोदाला हसले. त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा बरे वागतात.

आणि मग आलेख खाली बसायला लागला. सकाळी छान चढायचा, पण अकराच्या सुमाराला मान टाकायचा आणि उन्हं कलेपर्यंत वर यायचाच नाही. सोमवारी तसं, मंगळवारी तसं, शुक्रवारपर्यंत तसंच. शनिवार-रविवार मात्र ठणठणीत.

"यंत्राला आठवड्याची सुट्टी कळते, पण उलटी," बाबा म्हणाले. "नोकरदार माणसाचं यंत्र दिसतंय."

शनिवारी पृथ्वीराज आला. सगळ्या वायरी तपासल्या, इन्व्हर्टर उघडून बंद केला, पॅनेलांखाली वाकून बघितलं. खालच्या कडेच्या पट्टीतून त्यानं काहीतरी नखानं काढलं, बोटांत धरून पाहिलं आणि खिशात टाकलं.

"काय सापडलं?"

"काही नाही. कचरा." आणि मग बाबांना म्हणाला, "सर, पुढच्या शनिवारी परत येऊन बघतो."

तो पुढच्या शनिवारी आला, त्याच्या पुढच्याही. आलेख बाजूला ठेवला, तर ते शनिवार फार सुंदर होते. तो टाकीच्या सावलीत बसून इन्व्हर्टरकडे बघायचा, मी मोगऱ्याला गरजेपेक्षा जास्त पाणी घालायची. मांजरीला त्यांच्या घरी म्हशीचं नाव महाराणी आहे, त्याची आई रोज त्याच्या लग्नाचा विषय काढते आणि तो रोज ताक आणायला उठतो, हे सगळं मला कळलं. त्यालाही बरंच कळलं असेल, कारण मी न थांबता बोलते.

पण बाबांचा चेहरा दर आठवड्याला आणखी आंबट होत होता. "मुलगा गोड बोलतो. माल मात्र..." ते वाक्य अर्धवट सोडायचे, आणि बाबांचं अर्धवट वाक्य पूर्ण वाक्याहून वाईट असतं. चहाचा रविवार जवळ आला होता. तिथं बाबा एकदा 'भंगार' म्हणाले, की पृथ्वीराजच्या पहिल्याच कामाला डाग लागणार होता, तोही आमच्या छतावरून. मला ते सहन होईना.

गुरुवारी मी ऑफिसला कळवलं की घरून काम करते. बाबा रोजच्यासारखे ज्येष्ठ नागरिक संघात गेले. तिथून येऊन ते जेवतात आणि चारपर्यंत झोपतात, तेव्हा आमच्या घरात घड्याळसुद्धा दबकून चालतं. अकराच्या सुमाराला मोबाइलवरचा आलेख धपकन खाली आला. मी लॅपटॉप टाकून गच्चीत धावले.

आई पॅनेलांसमोर उभी होती. खालच्या दोन पॅनेलांवर बाबांचं जुनं धोतर ओलं करून अंथरलेलं, कडेला कपड्यांचे चिमटे लावलेले आणि त्यावर बटाट्याचा कीस. पांढराशुभ्र, पसरून घातलेला.

"आई!!"

"ओरडू नकोस, बाबा आले असतील तर ऐकू जाईल." ती शांतपणे कीस सारखा करत राहिली. "किती छान जागा आहे बघ. उंचावर, मुंग्या नाहीत, वाकावं लागत नाही. काच खालून तापते, कीस वरून तापतो. मार्केट यार्डातून आणलेलं बटाट्याचं पोतं संपत आलं."

"अगं, पण वीज! दोन पॅनेलं झाकली की सगळ्या ओळीची वीज पडते!"

"एवढ्याशा धोतरानं?" ती खरंच चकित झाली. "म्हणजे हे रोज जेवताना चिडतात ते... यामुळे?"

"शनिवार-रविवारी का नाही घालत मग?"

"रविवारी बाबांच्या संघाला सुट्टी असते. आणि शनिवारी तुम्ही दोघं इथंच असता की गं गप्पा मारत. मी कशाला मध्ये येऊ?"

माझे कान गरम झाले. आई धोतराचा एक चिमटा काढत म्हणाली, "मला कोणी सांगितलं का, की झाकायचं नाही? पाटी लावली, पण ती सावलीची. आणि गच्ची घेताना तरी मला कोणी विचारलं?"

इतकी वर्षं उन्हाळ्यात ही गच्ची आईची असायची, आणि आम्ही ती एका कप चहात देऊन टाकली होती. मी तिला मिठी मारली. मग रविवारचं सगळं सांगितलं... बाबा काय म्हणणार, त्या मुलाचं नाव कसं जाणार. आई ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "बघू."

मी पृथ्वीराजला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं.

"ऐकताय ना?"

"हो. सरांना सांगू नका," तो म्हणाला. "काकूंना ओरडतील. चूक माझी आहे, त्यांची गच्ची घेताना मी जागा सोडायला हवी होती. वाळवणाला वेगळा मांडव करून देतो."

"पण तोपर्यंत रविवार... थांबा. तुम्हाला आश्चर्य कसं वाटलं नाही?"

पलीकडे तो नुसता खोकला.

"पृथ्वीराज. तुम्हाला हे माहीत होतं?"

"आवाज... कटतोय... मी इकडं..." आणि फोन बंद.

मांजरीत नेटवर्क उत्तम आहे. मला माहीत आहे, कारण तो तिथून रोज मेसेज करतो.

रविवारी संध्याकाळी गच्चीत खुर्च्या मांडल्या. गोपाळकृष्णकाका, हेमाकाकू, उत्तरेश्वर, सगळे आले. पृथ्वीराज कडेला उभा होता, नवा शर्ट घालून. बाबांनी घसा साफ केला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. नको.

"मंडळी, खरं ते सांगायचं ठरलं होतं," बाबा म्हणाले. "मुलगा सज्जन आहे. पण ऐन दुपारी वीज जाते कुठे, हे त्याला आजतागायत सांगता आलेलं नाही. त्यामुळे माझं मत असं, की—"

"आधी गरम गरम खा," आई म्हणाली. ती मोठी ताटली घेऊन वर आली होती. तळलेला बटाट्याचा कीस, वर तिखट-मीठ आणि दाणे. ताटली बरोबर बाबांच्या समोर ठेवून ती म्हणाली, "हं, ही घ्या तुमची वीज."

"म्हणजे?"

"म्हणजे महिनाभर दुपारची वीज या ताटलीत आहे. तुमच्या काचेवर मी कीस वाळवला. रोज. तुम्ही झोपल्यावरसुद्धा." तिनं पदर खोचला. "त्या मुलाच्या कामात काही खोट नाही. मला कोणी विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

उत्तरेश्वरांनी एक घास घेतला आणि ते म्हणाले, "काकू, काय कुरकुरीत झालाय हो!" हेमाकाकूंना हसू आवरेना. गोपाळकृष्णकाकांनी ताटली स्वतःकडे ओढली.

बाबांनी ताटली परत स्वतःसमोर ओढली. मग पृथ्वीराजकडे वळले. "तुम्हाला हे कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, सर."

"मग बोलला का नाहीत? आज तुमचं नाव मातीत गेलं असतं."

"काकूंना पहिल्या दिवशी मीही विचारलं नव्हतं, सर," तो म्हणाला. "आता कुठल्या तोंडानं त्यांचं नाव सांगू?"

बाबांनी कीस तोंडात टाकला. चावला. आणि आईकडे न बघता म्हणाले, "चुकलं. विचारायला हवं होतं." माझ्या आयुष्यात मी हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. आईही, चेहऱ्यावरून तरी.

"आमच्याकडे बसवताना कुरडयांची जागा आधी ठरवायची," हेमाकाकू पृथ्वीराजला म्हणाल्या. "मग पॅनेलं." उरलेल्या दोघांनीही तिथल्या तिथे त्याला कधी येणार ते विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला त्याच्याकडे बघवेना आणि न बघताही राहवेना. जाताना गर्दीत तो फक्त "येतो" म्हणाला. मी "हो" म्हटलं. एवढंच.

बुधवारी मी ऑफिसात असताना तो येऊन आईला मांडव करून गेला. पूर्वेच्या कठड्याजवळ, जिथून सावली पॅनेलांवर जात नाही, कमरेएवढ्या उंचीचा, वर बारीक जाळी. आई खूश. बाबा खूश. गुरुवारचा आलेख काय सांगू! अकरा वाजून गेले तरी वरच. गोल, भरलेला, कुठे खोट नाही. शुक्रवारचाही तसाच. त्यावर त्याचा मेसेजसुद्धा आला नाही.

खराडीत बसून तो देखणा आलेख बघताना माझे डोळे भरून आले. सगळं ठीक झालं होतं. आता कोणाला आमच्या गच्चीत यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी मोगऱ्याला पाणी घालायला वर गेले. निळा कुर्ता घातला होता. कशासाठी, विचारू नका.

"जरा बाजूला होऊ नका," मागून आवाज आला.

तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. हातात हत्यारांची पिशवी नव्हती. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मग... म्हणूनच आलो." तो दोन पावलं पुढे आला. "तपासायला आलो त्या पहिल्याच शनिवारी पट्टीत किसाचा तुकडा मिळाला होता. काकूंना ओरडा बसेल ही भीती खरीच होती. पण सगळंच खरं सांगायचं तर... सांगितलं असतं, तर फॉल्ट सापडला असता. आणि फॉल्ट सापडला असता, तर शनिवार संपले असते."

"वेडा आहेस का? धंदा बुडाला असता तुझा!" माझ्या तोंडून 'तू' निघून गेलं होतं. परत घ्यावंसं वाटलं नाही.

"हाय मी वेडा," तो म्हणाला, आणि या वेळी दुरुस्ती केली नाही. "कादंबरी, मला तू आवडतेस. त्या पंचापासून. काही बिघडलेलं नसताना मी येत जाऊ का?"

मी पाण्याची झारी खाली ठेवली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. अगदी जवळ. त्याच्या सदऱ्याला उन्हाचा आणि साबणाचा वास होता. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... आणि तिथेच राहिली.

"लेखी अर्ज लागेल," मी कसंबसं म्हटलं.

"देतो."

"मंजूर आहे. आधीपासूनच."

सकाळचं तिरपं ऊन आमच्या पाठीवर होतं. आमची सावली लांब होऊन पॅनेलावर पडली होती. दोघांची मिळून एकच. आम्हाला दिसत होती, पण हलायचं कोणालाच सुचलं नाही.

खालून बाबांचा आवाज आला. "कादंबरी! आलेख खाली का गेला? गच्चीत सावली कोण पाडतंय?"

मी दचकून हात सोडवायला गेले, तर त्यानं तो आणखी घट्ट धरला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"पडू द्या हो! आज शनिवार आहे."